फूर्नोस की आर्तोपिईओ? ग्रीसमधल्या दुकानांच्या पाट्या वाचत सहा दिवस

पहिला दिवस, गुरुवार : अथेन्स, आथिनास रस्ता

मोनास्तिराकी स्थानकातून वर आलं की ओमोनिया चौकाकडे सरळ जाणारा रस्ता दिसतो, तो आथिनास. दुकानांची इंग्रजी नावं ग्रीकमध्ये न्यायची असतील तर सुरुवात इथूनच करावी. मांस, मासळी, भाजी, मसाले, रंग, दोर, हत्यारं, सगळं या एका रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत मिळतं. हातात इंग्रजी नावांची यादी हवी आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखलेले हवेत: एक पाटीवरच्या शब्दाचा, दुसरा तोंडातल्या शब्दाचा. ग्रीकमध्ये दुकानाला बहुतेक वेळा ही दोन वेगळी नावं असतात. शब्दकोश त्यातलं एक देतो, आणि आपल्याला हवं असतं नेमकं दुसरं.

मराठी माणसाला हे नवं नाही. पाटीवर ‘केशकर्तनालय’ लिहिलेलं असतं आणि आपण ‘कटिंग करून येतो’ म्हणून निघतो. ‘पुष्प भांडार’मधून फुलं आणतो, ‘पादत्राणे’ लिहिलेल्या दुकानातून चपला. ग्रीक पाट्यांचं अगदी हेच आहे, फक्त तिथे ते जवळजवळ प्रत्येक धंद्याला लागू पडतं.

पहिली पाटी बेकरीची घ्यावी. मोठ्या अक्षरांत दहा अक्षरं असतात. पहिली चार दिसायला रोमन ए, पी, टी, ओ. पण दुसरं अक्षर पी नाही, ते ग्रीक रो आहे, म्हणजे आपला र. झालं ‘आर्तो’. पुढचं अक्षर दाराच्या चौकटीसारखं, दोन खांब आणि वर आडवी पट्टी: ते ग्रीक पी, म्हणजे प. त्यानंतर ओ आणि आय अशी जोडी येते. तिचा उच्चार ‘ओइ’ नाही, नुसता ‘इ’. लगेच ई आणि आय अशी दुसरी जोडी, तिचाही उच्चार ‘ई’. शेवटी ओ. एकत्र वाचलं की ‘आर्तोपिईओ’, जोर दुसऱ्या ई वर. नवख्याची गाडी अडते ती या दोन लागोपाठच्या ‘इ’पाशी. आजच्या ग्रीकमध्ये ‘इ’चा एकच उच्चार पाच-सहा तऱ्हांनी लिहिला जातो, त्यामुळे कानानं ऐकलेला शब्द कोशात सापडेलच असं नाही. पाटीवरून अक्षर न् अक्षर उतरवून घेणं हाच खात्रीचा मार्ग.

त्याच दुकानाला बोलताना म्हणतात ‘फूर्नोस’, म्हणजे भट्टी. रस्त्यात विचारायचं झालं तर ‘पू एखी फूर्नो एदो कोन्दा?’ (इथे जवळपास फूर्नोस कुठे आहे?) असं विचारावं. फूर्नोस पुल्लिंगी आहे, म्हणून वाक्यात कर्म झाला की शेवटचा स गळून ‘फूर्नो’ होतो. भाव विचारताना पावाला ‘प्सोमी’ म्हणायचं. ‘आर्तोस’ हा पाटीतला पाव प्राचीन भाषेतला आहे. तो आता चर्चच्या विधीत आणि पाटीवर उरलाय. म्हणून ‘प्सोमी’वरून ‘प्सोमोपोलीओ’ असा शब्द आपणच घडवू नये. व्याकरणात बसेल, पण कुणी तो म्हणत नाही.

इंग्रजी ‘बेकरी’ इथे आणखी एका ठिकाणी दगा देते. जिथे पाव भाजला जातो ते आर्तोपिईओ. बाहेरून आणलेला पाव नुसता विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर ‘प्रातिरिओ आर्तू’, म्हणजे पावाचं विक्रीकेंद्र, असं असतं. परवाना, करार किंवा जाहिरात भाषांतरित करताना आत भट्टी आहे की नाही हे आधी विचारून घ्यावं.

दुपारी वार्वाकिओस. आथिनास रस्त्याच्या एका अंगाला छपराखालचा मांस-मासळी बाजार, समोरच्या अंगाला भाजीचा. रशियात कॅव्हिआरच्या व्यापारात पैसा कमावून तो ग्रीसच्या कामी लावणाऱ्या इओआनिस वार्वाकिसचं नाव त्याला आहे. इथे यादीतल्या तीन नावांचा एकदम निकाल लागतो.

खाटकाचं दुकान पाटीवर ‘क्रेओपोलीओ’, बोलण्यात ‘खासापिको’. मासळीचं पाटीवर ‘इख्थिओपोलीओ’, बोलण्यात ‘प्सारादिको’. मासा म्हणजे ‘प्सारी’, आणि ‘इख्थिस’ हा आपल्या ‘मत्स्य’सारखा. भाजीचं पाटीवर ‘ओपोरोपोलीओ’, कधी भाजीही सामील करून लांबलचक ‘ओपोरोलाखानोपोलीओ’, आणि बोलण्यात ‘मानाविको’. खासापिस हा खाटीक तुर्कीतल्या कसापवरून आला, कसाप अरबी कस्साबवरून. आपल्याकडचे कसाब आणि कसाई त्याच अरबी धातूतले.

तिन्ही पाट्यांच्या शेवटी तेच ‘पोलीओ’ आहे. अर्थ ‘विकण्याची जागा’. ‘मोनोपॉली’त, म्हणजे एकट्यानंच विकण्यात, हाच धातू आहे. पोलिओ रोगाचं नाव मात्र ‘करडा’ या अर्थाच्या दुसऱ्याच ग्रीक शब्दावरून आलंय, दोन्हींचं स्पेलिंगही वेगळं. जोर नेहमी ‘ली’वर. अनेकवचन ‘पोलीआ’.

दुसरा दिवस, शुक्रवार : एव्रिपिदू आणि हत्यारांची दुकानं

वार्वाकिओसला लागून आथिनासला छेदणारी एव्रिपिदू ही मसाल्यांची गल्ली. नाकानंच सापडते. पाटीवर पहिली दोन अक्षरं रोमन एम आणि चौकटीचा पी. ही जोडी शब्दाच्या आरंभी आली की उच्चार ‘ब’: ‘बाखारिका’, म्हणजे मसाले. ग्रीकमध्ये जे अक्षर रोमन बीसारखं दिसतं त्याचा उच्चार ‘व’ होतो, त्यामुळे ‘ब’ लिहायला अशी जोडी लागते. ‘वोताना’, म्हणजे औषधी पाला, त्या बीसारख्या अक्षरानंच सुरू होतो.

‘स्पाइस शॉप’ला पोलीओ लावून शब्द करायच्या फंदात पडू नये. इथल्या पाट्या दुकानाचं नाव देत नाहीत, मालाचं देतात. जुन्या किराणा दुकानांवर ‘एदोदिमा – आपिकिआका’ अशी जोडी असायची: ‘खाद्यपदार्थ – वसाहतींचा माल’. वसाहतींचा माल म्हणजे साखर, कॉफी, मिरी, दालचिनी, लवंग. मिरीला ग्रीक ‘पिपेरी’ म्हणतात, त्याचं मूळ आपल्या पिप्पलीत. साखरेची ‘झाखारी’ शर्करेच्या घराण्यातली. म्हणून मिठाईवाल्याची पाटी ‘झाखारोप्लास्तीओ’, साखरेला आकार देण्याची जागा. हा शब्द बोलण्यातही जसाच्या तसा चालतो. अशी एकाच नावाची दुकानं थोडी आहेत. फार्माकीओ हे दुसरं.

किराणा दुकानाचं आजचं पाटीवरचं नाव ‘पान्तोपोलीओ’, सगळं विकणारं. तोंडातलं ‘बाकालिको’, त्याचा मालक ‘बाकालिस’. हा अरबी बक्काल. जुन्या मराठी कागदांत ‘वाणी-बकाल’ अशी जोडी भेटते ती हीच. ग्रीक माणूस दुकानाऐवजी दुकानदाराकडेही जातो: ‘स्तोन बाकाली’, ‘स्तोन मानावी’. आपण ‘वाण्याकडून साखर आण’ म्हणतो तसंच. संवाद भाषांतरित करत असाल तर हीच रचना घ्यावी; घरातल्या आईच्या तोंडी ‘पान्तोपोलीओ’ घातलं तर ती सरकारी परिपत्रक वाचतेय असं वाटेल. सुपरमार्केटला ग्रीसमध्ये ‘सूपर मार्केत’च म्हणतात. ‘इपेरागोरा’ हा घडवलेला शब्द सायप्रसमध्ये चालतो.

एव्रिपिदूवर मसाल्याच्या लेपातलं वाळवलेलं मांस टांगलेली दुकानंही आहेत. इंग्रजी ‘डेली’साठी इथला शब्द ‘आलान्दोपोलीओ’. पण तो फक्त खारवलेल्या-वाळवलेल्या मांसाचा. चीज, ऑलिव्ह, तयार सॅलड ठेवणारं आधुनिक दुकान असेल तर पाटीवर सरळ ‘देलिकातेसेन’ लिहिलेलं असतं, तेच घ्यावं.

परत आथिनासवर हार्डवेअरची दुकानं. संपूर्ण यादीत सर्वांत जास्त चुका या एका शब्दाला होतात. संगणकाच्या हार्डवेअरचा ‘इलिको’ हा शब्द इथे घातला तर वाचणाऱ्याला खिळे-बिजागऱ्यांच्या जागी सर्किट दिसतील. ‘सिदिरोपोलीओ’ कोशात आहे, पण पाट्यांवर बहुधा मालाची रांग असते: ‘ख्रोमाता – सिदिरिका – एर्घालीआ’, म्हणजे रंग, लोखंडी सामान, हत्यारं. कड्या, कुलपं, बिजागऱ्या, मुठी हे सामान ‘किंगालेरिआ’ या नावाखाली येतं. म्हणून आधी दुकानात काय आहे ते पाहायचं. रंगांचे डबे जास्त असतील तर ‘ख्रोमातोपोलीओ’, कड्या-कुलपं असतील तर ‘इदी किंगालेरिआस’.

‘इदी’, म्हणजे वस्तू किंवा जिन्नस, हा शब्द वहीत वेगळा लिहून ठेवावा, कारण पाटीवर तो फार येतो आणि फसवतो. ‘इदी दोरोन’ भेटवस्तू, इथवर ठीक. ‘इदी इइइनिस’चा शब्दशः अर्थ ‘आरोग्य-स्वच्छतेच्या वस्तू’, पण आत मिळतात संडासाची भांडी, बेसिन आणि नळ. ‘लेफ्का इदी’ म्हणजे ‘पांढऱ्या वस्तू’. इंग्रजीतल्या ‘व्हाइट गुड्स’चा फ्रिज इथे मिळणार नाही, मिळतील चादरी, अभ्रे आणि टॉवेल. फ्रिज-धुलाईयंत्रांसाठी ‘लेफ्केस सिस्केवेस’.

तिसरा दिवस, शनिवार : एक्झार्खिआ

शनिवारी सकाळी अथेन्सच्याच एक्झार्खिआ वस्तीतल्या कालिद्रोमिऊ रस्त्यावर आठवडी बाजार भरतो. त्याला म्हणतात ‘लाइकी’, पूर्ण नाव ‘लाइकी आघोरा’, लोकांचा बाजार. इंग्रजी ‘फार्मर्स मार्केट’ला हाच शब्द. खाली सोलोनोस रस्ता आणि आसपासच्या गल्ल्यांत पुस्तकांची दुकानं. ती दुपारच्या आत गाठावीत. लहान दुकानं शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला बंद होतात. सोमवारी आणि बुधवारीही बऱ्याच ठिकाणी संध्याकाळची पाळी नसते.

पुस्तकांचं दुकान ‘विव्लिओपोलीओ’, जुन्या पुस्तकांचं ‘पालेओविव्लिओपोलीओ’, ग्रंथालय ‘विव्लिओथिकी’. ‘थिकी’ म्हणजे ठेवण्याची जागा, विकण्याची नव्हे. आपल्याकडेही ‘पुस्तकालय’ पाहून विकत घ्यायला जाणारा फसतो. याच थिकीतून ‘आपोथिकी’, म्हणजे गोदाम. इंग्रजी ‘अपॉथेकरी’ आणि फ्रेंच ‘बुटीक’ दोन्ही यातूनच निघाले, आणि बुटीक ‘बुतीक’ होऊन कपड्यांच्या दुकानावर परतही आला. पण जुन्या इंग्रजी मजकुरातल्या अपॉथेकरीला आपोथिकी लिहिलं तर औषधाच्या दुकानाचं गोदाम होतं. तिथे ‘फार्माकीओ’च हवं, हिरव्या क्रॉसची खूण असलेलं. ‘फार्माको’ औषध, आणि शेवटचा स्वर व जोर बदलून ‘फार्माकी’ झालं की विष. पाटी रंगवून घेताना हे दोनदा तपासावं.

याच दिवशी पाटीच्या टंकलेखनाचा भाग पक्का करून घ्यावा. छोट्या अक्षरांत लिहिलेल्या प्रत्येक बहुस्वरी ग्रीक शब्दावर जोराची एक तिरपी रेघ असते. 1982मध्ये जुनी अनेक चिन्हांची पद्धत सोडून ही एकच रेघ ठेवली. पूर्ण शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला की रेघ काढतात. संगणकावर नुसतं ‘मोठी अक्षरं करा’ म्हटलं तर काही प्रणाली रेघ तशीच ठेवतात, आणि पाटी परक्यानं केलीय हे लांबूनच कळतं. उलट काही ठिकाणी रेघ काढल्यावर भर घालावी लागते. ‘त्साइ’, म्हणजे चहा, छोट्या अक्षरांत लिहिताना रेघ आ वर असते, त्यावरून आ आणि इ वेगळे वाचायचे हे कळतं. मोठ्या अक्षरांत रेघ गेली की इ वर दोन टिंबं द्यावीच लागतात. ती राहिली तर आ-इ ही जोडी ‘ए’ वाचली जाते आणि चहाच्या दुकानावर ‘त्से’ उरतं. ‘रोलोइ’, म्हणजे घड्याळ, टिंबांशिवाय ‘रोली’ होतं. घड्याळवाले पाटीवर ‘रोलोया’ हे अनेकवचन लिहितात, त्यात ही अडचणच येत नाही.

चौथा दिवस, रविवार : जुना बाजार, मग रस्ता

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, पण मोनास्तिराकीजवळच्या आविसिनिआस चौकात जुन्या वस्तूंचा बाजार गजबजलेला असतो. ‘अँटीक शॉप’ आणि ‘जंक शॉप’ यांतला फरक ग्रीक शब्दांच्या शेवटात उतरतो: ‘पालेओपोलीओ’ला भारदस्तपणा आहे, ‘पालिआत्झिदिको’त भंगार आहे. शेजारच्या इफेस्तू गल्लीचं नाव लोहारकामाच्या देवाचं, हेफेस्टसचं.

चौकाचौकांतली टपरी ‘पेरिप्तेरो’. सिगारेट, पाणी, वर्तमानपत्रं, आइस्क्रीम. तिचे परवाने पूर्वी युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना दिले जात. इंग्रजी ‘किऑस्क’ला शब्दकोशातला दिसायला जवळचा ‘किओस्की’ उचलू नये. तो बागेतल्या छत्रीवजा मंडपाचा शब्द आहे. ‘कन्व्हीनियन्स स्टोअर’ वेगळं, आत शिरून खरेदी करायचं: पाटीवर ‘प्सिलिका’, बोलण्यात ‘प्सिलिकात्झिदिको’.

अथेन्समधल्या किफिसोसच्या बसस्थानकावरून थेस्सालोनिकी शहर सुमारे 500 किलोमीटर, बसला सहा तासांच्या आसपास. महामार्गावर यादीतला गाड्यांचा भाग उरकतो. पेट्रोल पंप कागदावर ‘प्रातिरिओ इघ्रोन काफ्सिमोन’, द्रव इंधनाचं विक्रीकेंद्र. ड्रायव्हरच्या तोंडी ‘वेन्झिनादिको’. गॅरेज ‘सिनेर्घीओ’. पंक्चर काढणारा ‘वुल्कानिझातेर’, फ्रेंचमधून आलेला शब्द. पत्र्याचं काम करणारा ‘फानार्त्झिदिको’. ‘फानारी’ म्हणजे कंदील, आणि पूर्वीचा कंदील बनवणारा पत्रेकारागीरच आता गाडीचे पोचे काढतो.

पाचवा दिवस, सोमवार : थेस्सालोनिकी, लादादिका

बंदराजवळचा लादादिका हा 1917च्या मोठ्या आगीतून वाचलेला भाग. ‘लादी’ म्हणजे तेल. लादादिका म्हणजे तेलाची दुकानं, तेलीआळीच म्हणा. आता तिथे खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत, पण नावात तोंडातल्या भाषेचा प्रत्यय जपला गेलाय: ‘आदिको’, अनेकवचन ‘आदिका’. पोलीओ कचेरीतलं, आदिको गल्लीतलं.

ही दुफळी आपोआप पडली नाही. स्वातंत्र्यानंतर ग्रीक राज्यानं तुर्की-इटालियन शब्द बाजूला सारून प्राचीन धातूंवरून नवे शब्द घडवले, आपल्याकडे शिवकाळात राज्यव्यवहारकोशानं फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले त्याच वळणानं. या शुद्ध भाषेचं नाव काथारेवूसा. 1976मध्ये शिक्षण आणि कारभारातून तिची जागा बोलभाषेनं घेतली, पण पाट्यांवरचे तिचे शब्द टिकले. फार जुनी पाटी ओळखायची खूण सोपी आहे: शेवटी ‘न’ हे अक्षर जास्त असतं, ‘आर्तोपिईओन’, ‘फार्माकीओन’. आज नव्या दुकानासाठी हा ‘न’ लावला नाही तर पाटी बरोबर. लावला तर मुद्दाम जुनी ढब आणलेली.

इथल्या रस्त्यांवर कपडे आणि केसांचे शब्द मिळवावेत. ड्रायक्लीनर ‘काथारिस्तिरिओ’. ‘लाँड्री’ला ‘प्लिन्दिरिओ’ लिहिण्याआधी थांबावं, कारण घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रालाही तोच शब्द आहे. पुरुषांचा न्हावी ‘कूरीओ’, बायकांचं पार्लर ‘कोमोतिरिओ’. शिंपी ‘राफीओ’. बुटांचं दुकान पाटीवर ‘इपोदिमाता’, बोलण्यात ‘पापुत्सादिको’. ‘पापुत्सी’ तुर्कीतून आला, तुर्कीत फारसीतून, आणि त्याच फारसी शब्दाचा मराठीतला भाऊ ‘पापोस’. चांभाराचं दुकान ‘त्सांगारिको’. यातला त्स मराठी माणसाला शिकावाच लागत नाही, तो ‘चाक’ आणि ‘चमचा’ यांतला च आहे. त्झ हा ‘जहाज’मधला ज. इंग्रजी बोलणाऱ्यांना या दोन उच्चारांवर घाम गाळावा लागतो.

एक पाटी मात्र नीट लक्षात ठेवावी: ‘घ्राफीओ तेलेतोन’. शब्दशः ‘समारंभांचं कार्यालय’. लग्नकार्याचं वाटेल, पण ते अंत्यसंस्काराचं आहे. ‘इव्हेंट मॅनेजमेंट’चं भाषांतर असं करून बसलेला मजकूर छापायला गेला तर केवढा घोळ होईल, सांगायला नको.

सहावा दिवस, मंगळवार : कापानी आणि लुलुदादिका

सकाळी कापानी बाजार. नाव पिठाच्या तुर्की बाजारावरून, उन कपानवरून, आलेलं. इथे पाट्यांपेक्षा कान उघडे ठेवावेत. थोडं पुढे जुन्या हमामखान्याभोवती फुलबाजार, त्या भागाचं नावच लुलुदादिका. फुलवाल्याची पाटी ‘आन्थोपोलीओ’, तोंडात ‘लुलुदादिको’: पाच दिवस वहीत भरलेले दोन रकाने इथे एकाच कोपऱ्यावर समोरासमोर उभे असतात.

बूगात्सा खाल्ल्याशिवाय कापानीतून निघू नये: पातळ पापुद्र्यांत गोड रव्याचं क्रीम किंवा चीज, भट्टीतून काढल्यावर चौकोनी तुकडे करून देतात. ती विकणाऱ्याचं दुकान ‘बूगात्सात्झिदिको’. शब्द लांब आहे, पण सांधे मोकळे केले की सोपा: बूगात्सा हा पदार्थ, ‘त्झिस’ हा तो करणारा, ‘इदिको’ ही त्याची जागा. मधला त्झिस म्हणजे तुर्की ‘जी’, धंदा दाखवणारा प्रत्यय. फारसीमार्गे तोच आपल्या मशालचीत आणि खजानचीत आलाय. वजडीचं सूप देणारं, रात्रभर उघडं असणारं ‘पात्सात्झिदिको’ही याच साच्यातलं. या दोन दुकानांना वहीतला डावीकडचा इंग्रजी रकाना कोराच ठेवावा लागतो, आणि भाषांतर उलट दिशेनं करायचं झालं तर नाव तसंच ठेवून पुढे ‘बूगात्सा मिळण्याचं ठिकाण’ एवढंच लिहावं.